वेल्सच्या खेड्यातलं हॉट टबवालं घर: वडील ७४, अँजिओप्लास्टी झालेली. घ्यावं का?

पाचपाखाडीकर, ठाणे

नमस्कार मंडळी.

अनंत चतुर्दशी झाली की आम्ही माझ्या दादाकडे इंग्लंडला जातोय. तो आणि वहिनी रेडिंगला असतात. आई-बाबा, आम्ही दोघं, आमची नऊ वर्षांची लेक, दादा-वहिनी आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा, असे आठ जण. बाबांनी मागच्या खेपेला लंडन पाहिलंय आणि त्यांना पुन्हा रांगांमध्ये उभं राहायचं नाहीये. म्हणून वहिनीने सुचवलं की सोमवार ते शुक्रवार वेल्समध्ये एखादं घर घेऊ, सगळे एका छपराखाली राहू, घरीच स्वयंपाक करू. मला हे फार आवडलंय. दादा इंग्लंडला जाऊन बारा वर्षं झाली, त्यानंतर आम्ही सगळे एका घरात सलग असे राहिलेलोच नाही.

तिने दोन घरं निवडून ठेवली आहेत. एक पोविस परगण्यात रायाडर गावापासून पाच-सहा मैलांवर, मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या जुन्या दगडी गोठ्याचं केलेलं घर. दुसरं वर उत्तरेला एरेरीत, म्हणजे स्नोडोनियात, बेटूस-अ-कॉइडजवळ. दोन्हीकडे मागे लाकडी डेक आणि त्यावर हॉट टब, म्हणजे चार-सहा जण बसतील असा गरम पाण्याचा हौद. टब नसलेली घरं बरीच स्वस्त आहेत, पण मुलीने फोटो पाहिल्यापासून दुसरा विषय नाही.

माझी काळजी बाबांची. अँजिओप्लास्टी झालेली आहे, बीपीची गोळी चालू, साखर थोडी वर. आई म्हणते, "वज्रेश्वरीच्या कुंडात जन्मभर उतरत आलोय, त्यात काय एवढं." दादा म्हणतो सगळे बसतात. मला पटत नाहीये. बाबांनी टबमध्ये बसावं का? इतके लोक येऊन जातात, ते पाणी स्वच्छ असतं का, आणि ते ओळखायचं कसं? दोन्हीपैकी कुठली जागा घ्यावी? आणि रात्री-अपरात्री काही झालं तर हॉस्पिटल किती लांब?

तारखा पितृपक्षात येतात, पण आजोबांची तिथी आधीच होऊन जाते, त्यामुळे आईची हरकत नाही.

---

वाशीचा भटक्या

एरेरी घ्या, डोळे झाकून. लॅनबेरिसहून १८९६ पासून दातेरी रुळांवरची गाडी थेट यर विद्वाच्या, म्हणजे स्नोडनच्या शिखराकडे चढते. उंची १,०८५ मीटर. तुमच्या बाबांना डोंगर न चढता वेल्सच्या सर्वांत उंच टोकाच्या अगदी खालपर्यंत पोचता येईल. फक्त वारा-ढग पाहून ते गाडी कधीकधी वरपर्यंत नेत नाहीत, तेवढं धरून चाला. दुसरी गाडी पोर्थमॅडॉगहून ब्लायनाय फेस्टिन्योगला जाते, अरुंद रुळांची, वाफेच्या इंजिनाची. दगडी पाट्यांच्या खाणींतला माल बंदरावर आणायला बांधलेली. नेरळ-माथेरान आवडणाऱ्या माणसाला ती बघून भरून येतं. तो सगळा स्लेटच्या खाणींचा मुलूख २०२१ साली जागतिक वारसा झाला.

पाऊस मात्र तयारीने. त्या डोंगरमाथ्यांवर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, आणि आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर असतो.

टबवर पैसे घालवू नका असं माझं मत. त्या पैशात दोन्ही गाड्यांची तिकिटं निघतील.

---

रबाळेवॉटर, ऐरोली

माझा धंदाच पाण्याचा. रबाळे एमआयडीसीत आमचं युनिट आहे. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांच्या गच्चीवरचे कूलिंग टॉवर आणि काही हॉटेलांचे पूल-जाकुझी यांचं पाणी आम्ही सांभाळतो. लेक ॲबरिस्टविथला शिकत होती तेव्हा मी, बायको आणि माझी आई रायाडरच्याच बाजूला अशा एका शेतघरात राहिलो होतो. त्यामुळे दोन्ही अंगांनी सांगतो. लांबेल, पण वाचा.

आधी वज्रेश्वरी. अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरीची कुंडं तानसा नदीकाठची, जमिनीतूनच गरम पाणी येणारी. तिथे पाणी येत राहतं, जात राहतं. हॉट टबमध्ये तेच पाणी फिरतं. हजार-बाराशे लिटर, त्यात पाच-सहा माणसं. पंप ते ओढतो, फिल्टरमधून काढतो, तापवतो आणि हवा मिसळून जेटमधून पुन्हा तुमच्या पाठीवर मारतो. तापमान ३७ ते ४० अंश. लिजिओनेला नावाचा जंतू २० ते ४५ अंशांत वाढतो, म्हणजे टबचं पाणी त्याला अगदी मानवणारं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली, तिथून त्याला हे नाव पडलं. तो प्यायलेल्या पाण्यातून सहसा बाधत नाही. जेटच्या फवाऱ्याचे बारीक थेंब नाकातोंडातून फुप्फुसात जातात, त्यातून बाधतो. आम्ही कूलिंग टॉवरला इतकं जपतो ते ह्याच्याचसाठी. पन्नाशीपुढची माणसं, सिगारेट ओढणारे, मधुमेही यांना धोका जास्त. तुमच्या बाबांच्या बाबतीत मला हृदयाइतकीच ह्याचीही काळजी वाटते.

घाबरून टब रद्द करा असं मात्र मी म्हणणार नाही. क्लोरीन नीट ठेवलं तर हा जंतू डोकं वर काढत नाही. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हची त्यावर २०१७ ची मार्गदर्शिका आहे, एचएसजी २८२. भाड्याच्या घरांतले टबही तिच्यात येतात. मोकळं, म्हणजे अजून खर्ची न पडलेलं क्लोरीन ३ ते ५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), पीएच ७ ते ७.६ च्या दरम्यान, पाणी रोज तपासायचं, आणि एक बिऱ्हाड गेलं की टब रिकामा करून, घासून नवं पाणी भरायचं. चाळीस अंशांना क्लोरीन झपाट्याने उडतं, म्हणून सकाळी टाकलं आणि विसरलो असं इथे चालत नाही.

आता ओळखायचं कसं. मालकाला ईमेल करून सरळ विचारा: प्रत्येक पाहुण्यांनंतर पाणी बदलता का, क्लोरीन-पीएच कोण आणि दिवसातून किती वेळा तपासतं, त्याची नोंद आम्हाला बघायला मिळेल का. नीट काम करणारा माणूस ह्यावर खूश होऊन लांबलचक उत्तर देतो. उडवाउडवीचं उत्तर आलं तर घर कितीही देखणं असो, सोडा.

आणखी एक गोष्ट, जी फोटोंवरून कळत नाही. तिकडे पाहुणे सकाळी दहाला निघतात आणि नवे चारला येतात. बाराशे लिटर गार पाणी, समजा १० अंशांचं, ३८ वर न्यायला साधारण ३९ युनिट वीज लागते. टबचा हीटर असतो दोन-तीन किलोवॅटचा. म्हणजे तेरा ते वीस तास. सहा तासांत ते तापत नाही. तेव्हा पहिल्या संध्याकाळी टब कोमट निघाला तर आनंद माना, पाणी खरंच बदललेलं आहे. चारलाच कढत टब तयार असेल तर विचारा की कसं जमवलं. काही जण घरच्या बॉयलरचं गरम पाणीच टबमध्ये भरतात, ते उत्तर चांगलं. लाकडावर तापणारे टबही असतात. त्यांत बहुतेक ठिकाणी ताजं पाणी भरून तीन-चार तास जाळ घालतात. पण आठ जणांनी त्या पाण्यात पाळीपाळीने दोन दिवस बसू नये, कारण त्यातल्या पुष्कळशांना फिल्टर नसतो.

आम्ही राहिलो तिथल्या मालकीणबाई सत्तरीच्या आतबाहेरच्या. मेंढ्या बघून झाल्या की गमबूट घालूनच टबपाशी यायच्या, बाही वर सारून कोपरापर्यंत हात बुडवायच्या आणि खालचं पाणी नळीत घ्यायच्या. वरचं नाही, खालचं. मी तिथेच त्यांना मनातून नमस्कार केला, कारण आमची नवीन मुलंसुद्धा वरवरचा नमुना घेतात. नळीत क्लोरीन मोजायची डीपीडीची गोळी टाकायची, पाणी गुलाबी झालं की पट्टीवरच्या रंगाशी ताडून बघायचं. मग पंपाच्या खोपटात खिळ्याला अडकवलेल्या वहीत पेन्सिलीने आकडा. त्या वहीची मागची पानं मी चाळली. एकही दिवस सुटलेला नव्हता, पाहुणे नसतानाचेसुद्धा. माझ्या आईला त्यानंतर मी निर्धास्तपणे टबमध्ये बसू दिलं.

टबजवळ जाताच डोळ्यांना झोंबणारा वास आला तर क्लोरीन भरपूर आहे असं समजू नका. घामातल्या-लघवीतल्या घटकांशी क्लोरीन बांधलं गेलं की तो वास सुटतो. म्हणजे कामाचं क्लोरीन संपत आलंय. चांगल्या टबला जेमतेम वास असतो. पाण्यात हात घालून कडेचा आतला भाग चोळून बघा, बुळबुळीत लागला तर त्या दिवशी कुणीच उतरू नका.

आपल्या बाजूची पथ्यं. डोक्याला खोबरेल लावून कुणीही टबमध्ये जायचं नाही, आईंना हे आधीच सांगा. तेलाने फिल्टर बसतो, पाण्याला फेस येतो आणि सगळं क्लोरीन ते तेल जाळण्यात खर्ची पडतं. सुती गाऊन, टी-शर्ट नको, त्यात साबणपावडर अडकलेली असते, तिचाही फेस होतो. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे, पोटरीपर्यंतचे नायलॉनचे पोहण्याचे कपडे ठाण्यात कुठेही मिळतात, आईंना त्यात अवघडल्यासारखं होणार नाही. आधी शॉवर. चांदीची जोडवी, पैंजण काढून ठेवा, काळी पडतात. तीन वर्षांच्या बाळाला टबमध्ये नेऊ नका, लहान मुलांचं अंग फार पटकन तापतं. टबचं झाकण कुलपाचं आहे का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

जागेचं म्हणाल तर मी रायाडर घेईन. वाशीकरांच्या गाड्या सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण रेडिंगहून बेटूस-अ-कॉइड लांब पडतं, आणि चार रात्रींत जायचा-यायचा दिवस गाडीतच जाईल. रायाडरला साडेतीन तास धरा.

दुसरं कारण एलन व्हॅली. तुम्ही ठाण्याच्या, तुम्हाला ती लगेच उमजेल. आपल्या तानसाचं धरण १८९२ चं, ठाणे जिल्ह्यातलं पाणी मुंबईला नेणारं. एलनची धरणं १८९३ पासून बांधायला घेतली, १९०४ मध्ये सातव्या एडवर्डच्या हस्ते सुरू झाली, आणि ते पाणी ७३ मैलांवरच्या बर्मिंगहॅमला जातं. वाटेत पंप नाही. सगळ्या वाटेत उतार जेमतेम ५२ मीटरचा, नुसत्या त्या उतारावर पाणी वाहतं, पोचायला दीड दिवस लागतो. इतका मोजून दिलेला उतार बघितला की मला आजही हात जोडावेसे वाटतात. खोऱ्यातली शंभरएक माणसं त्यासाठी उठवली गेली आणि भरपाई फक्त जमीनमालकांना मिळाली, हेही तिथे उभं राहताना आठवावं. धरण बांधायला टाकलेल्या रेल्वेचे रूळ काढून तिथे आता चालायची वाट केली आहे. चढ अगदी हलका. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही पाण्याच्या कडेकडेने हवं तितकं चालता येतं, माझी आई चालली.

आणि तिसरं, रात्र. एलन व्हॅलीला २०१५ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला. जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो, उन्हाळ्यात गेलेले लोक टबमध्ये बसतात खरे पण उजेडात. तुम्ही जाताय तेव्हा सातला सूर्यास्त, नऊपर्यंत पुरता काळोख. शिवाय पितृपक्ष म्हणजे कृष्णपक्ष. सर्वपित्रीच्या जितके जवळ जाल तितका चंद्र उशिरा. ढग नसतील तर टबचे दिवे आणि जेट दोन्ही बंद करा आणि मान मागे टेका. आकाशगंगा इथल्या आपल्या मुलांनी पुस्तकातच पाहिलेली असते.

---

लँड्रिंडॉडची डोंबिवलीकर

माहेर डोंबिवली, लग्नानंतर इकडे. लँड्रिंडॉड वेल्समध्ये केअर होममध्ये काम करते. रायाडर इथून बारा मैल. ताई, तुमचा हॉस्पिटलचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर गोड नाही, म्हणून तेच आधी.

पोविस हा वेल्सचा सगळ्यात मोठा परगणा, पण त्यात एकही मोठं जनरल हॉस्पिटल नाही. आमच्या लँड्रिंडॉडच्या छोट्या इस्पितळात किरकोळ दुखापतींसाठी युनिट आहे, तिथे छातीत दुखणाऱ्या माणसाला न्यायचं नाही. पूर्ण इमर्जन्सी विभाग एक ॲबरिस्टविथला, एक सीमेपलीकडे हेरिफर्डला. रायाडरहून ॲबरिस्टविथ चांगला तासभर. म्हणून काही वाटलं की स्वतः गाडी काढू नका, ९९९ हा इकडचा इमर्जन्सीचा नंबर लावा. घरात पोचल्यावर पहिलं काम, वायफायवर फोन लागतो का ते बघा, कारण दऱ्यांमध्ये मोबाईलला रेंज नसते. नसेल तर लँडलाइन आहे का हे बुकिंगच्या आधी विचारा. घराचा पिनकोड सांगून भागत नाही, एकाच पोस्टकोडमध्ये चार शेतं असतात. मालकाकडून व्हॉट थ्री वर्ड्सचे (नेमकी जागा तीन शब्दांत सांगणारं ॲप) तीन शब्द घेऊन फ्रिजवर चिकटवा.

प्रवास विम्यात अँजिओप्लास्टी, बीपी, साखर सगळं लिहा. इमर्जन्सी विभागात तपासण्याचे पैसे घेत नाहीत, पण दाखल केलं की पर्यटकाला बिल येतं, आणि ते मोठं असतं. सांगितलेलं नसलेलं दुखणं निघालं तर विमा कंपनी हात वर करते.

रस्ते. दादा इंग्लंडमध्ये चालवतो म्हणजे डावी-उजवीचा प्रश्न नाही. पण शेवटचे दोन-तीन मैल एका गाडीपुरती गल्ली असते, दोन्हीकडे उंच कुंपण. समोरून ट्रॅक्टर आला तर जो जागेच्या जवळ तो मागे घेतो. तेव्हा उजेडातच पोचा. गावात शिरलात की ताशी २० मैल, वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीत तोच नियम आहे, रेडिंगच्या सवयीने ३० ने जाऊ नका. रस्त्यावर 'अराव' रंगवलेलं दिसलं की वेग कमी. आणि शेताचं फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद असेल तर मागून बंद. मेंढ्या बाहेर गेल्या की शेतकऱ्याचा अख्खा दिवस त्यांच्या मागे जातो.

स्वयंपाक. फोडणी! ह्या गोठ्यांच्या घरांत स्वयंपाकघर आणि बैठक एकच असते आणि वर स्मोक अलार्म. मोहरी तडतडली आणि मिरची पडली की तो कोकलतो, बाळ दचकून रडतं. दार उघडा, चिमणीचा पंखा आधी लावा आणि फोडणी छोट्या कढल्यात करा. तळण टाळा. घर सेप्टिक टँकवर असेल, तेल बेसिनमध्ये ओतलेलं अजिबात चालत नाही. डाळ-तांदूळ, पोह्यांपासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं रेडिंगहूनच भरून आणा. रायाडरला दूध-ब्रेड-अंडी मिळतील, कढीपत्ता नाही. मोठ्या सुपरमार्केटची घरपोच गाडी बऱ्याच शेतघरांपर्यंत येते, सोमवारी संध्याकाळी पाच ते सहाची वेळ मिळते का बघा. मग्गा आणायला विसरू नका, बाथरूममध्ये हँडस्प्रे नसतो.

किंमत कमी करून मागा. अगदी मनापासून सांगते. एप्रिल २०२३ पासून इथे घर वर्षात १८२ रात्री खरोखर भाड्याने गेलं तरच त्याला धंद्याचा कर लागतो, नाहीतर घराचा काउन्सिल टॅक्स बसतो आणि दुसऱ्या घरांवर तो काही पट वाढवता येतो. त्यामुळे शाळा सुरू झाल्यावरच्या सोमवार-ते-शुक्रवारच्या रात्री भरायला मालक उत्सुक असतो. मात्र शेतकऱ्याचं घर असेल तर फार ताणू नका. मेंढ्यांवर घर चालणं आता अवघड झालंय, गोठ्याचं भाडं हेच कित्येकांचं वर्षाचं खरं उत्पन्न. बाहेरच्यांनी दहा-दहा घरं घेऊन ठेवल्यामुळे इथल्या पोरांना गावात घर मिळत नाही, त्याचा राग आहे आणि तो रास्त आहे. म्हणून मी पाहुण्यांना नेहमी हेच सांगते, मालक त्याच शेतावर राहतो का ते बघून घर घ्या. टबचं पाणीसुद्धा तोच नीट बघतो, कारण तो तिथेच असतो.

आई-बाबांसाठी दोन ठिकाणं. रायाडरला लागून गिग्रिन फार्म आहे, दुपारी तीनच्या सुमारास लाल घारींना मांस टाकतात आणि शेकड्यांनी घारी खाली झेपावतात. आपल्या घारीचीच बहीण, शेपटी जास्त खाचेची आणि तांबूस. एके काळी सगळ्या ब्रिटनमधल्या ह्या घारी मध्य वेल्सच्या ह्या दऱ्यांतच काय त्या थोड्या उरल्या होत्या. बसायला आडोशाची जागा आहे, बाबांना चालावं लागणार नाही. दुसरं स्कंदवेल, कारमार्दनच्या उत्तरेला लॅनपिमसाइंटजवळ, १९७३ पासूनचा आश्रम. मुरुगन, शक्ती आणि रंगनाथ अशी तीन देवळं, रानात. दिवसभरात पूजा होतात, आल्यागेल्याला शाकाहारी जेवण. रायाडरहून दीड-दोन तास आहे, तेव्हा शुक्रवारी परत जाताना करू नका, मधला एक दिवस त्यालाच द्या. माझ्या सासूबाई मुलुंडहून आल्या होत्या तेव्हा तिथून निघता निघत नव्हत्या.

पुस्तकं आवडत असतील तर 'हे-ऑन-वाय' नावाचं पुस्तकांचं गाव तासाभरावर. आपलं भिलार २०१७ मध्ये त्याच धर्तीवर पुस्तकांचं गाव झालं.

---

कळव्याचा फिजिशियन

मुख्य मुद्दा तेवढा लिहितो. चाळीस अंशांच्या पाण्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो, नाडी वाढते. वर बीपीची गोळी. टबमधून झटकन उभं राहिल्यावर अंधारी येते, आणि ओल्या लाकडी डेकवर चौऱ्याहत्तराव्या वर्षी पडणं म्हणजे खुबा. माझ्या मते खरा धोका हा.

निघण्याआधी त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना विचारा, गोळ्यांची नावं सांगून विचारा. त्यांनी होकार दिला तर तापमान ३७ वर आणायला सांगा, पाणी छातीच्या खालपर्यंत, दहा मिनिटं. जेवल्या जेवल्या नको, दारू घेऊन तर अजिबात नको. बाहेर येताना आधी कडेवर बसायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग कुणाचा तरी हात धरून उठायचं. साखर आहे म्हणता, तर पायांची संवेदना तपासून घ्या. पायांना चटका कळत नसेल तर नुसते पाय बुडवणंही नको. छातीत दुखणं किंवा चालताना धाप अलीकडे वाढली असेल तर टबचा विषय तिथेच संपवा.

परत आल्यावर दहा दिवसांत ताप, कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना हॉट टबचं आवर्जून सांगा. लिजिओनेलाचा न्यूमोनिया नेहमीच्या काही अँटिबायोटिक्सना दाद देत नाही, आणि ठाण्यात तो कुणाच्या चटकन डोक्यात येणार नाही.

---

पाचपाखाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

रायाडर ठरलं. कार्डिओलॉजिस्टनी बाबांना ३७ अंश, दहा मिनिटं, तेही दिवसा, असा होकार दिला. वहिनीने रबाळेवॉटर दादांचे तिन्ही प्रश्न मालकाला पाठवले. त्याने त्याच रात्री उत्तर दिलं: शेजारच्याच घरात राहतो, पाणी दर वेळी बदलतो, सकाळ-संध्याकाळ तपासतो, आणि सोमवारी रात्री टब तिशीच्या वर जाणार नाही, मंगळवारी सकाळी तयार असेल, त्याबद्दल माफी मागितली आहे! आम्ही कळवलं की माफी कसली, हेच हवं होतं. झाकणाला कुलूप आहे. लँडलाइन नाही, पण वायफायवर फोन लागतो. एका रात्रीचे पैसेही थोडे कमी केले.

आईने तेलाचं ऐकून घेतलं, पण शनिवारी न्हाणं होईल, सोमवारपर्यंत केस कोरडे होतील म्हणते. चालेल ना? बाबांना टबपेक्षा धरणाचीच ओढ लागली आहे. ते पाटबंधारे खात्यात होते, भातसाच्या कालव्यावर काही वर्षं काढली आहेत. धरणावरून पाणी पडताना दिसेल का, असं विचारतायत. आणि प्रेशर कुकर नेऊ का?

---

रबाळेवॉटर, ऐरोली

शनिवारी शाम्पूने न्हाऊन झालं आणि नंतर तेल लावलं नाही तर काही हरकत नाही. केस वर बांधून पाण्याबाहेर ठेवावेत, बस.

बाबा पाटबंधाऱ्यातले म्हणजे त्यांना एलनच्या काबान कॉख धरणापासून सुरू करा. पायथ्यालाच माहिती केंद्र आहे, गाडी तिथपर्यंत जाते. दगडी बांधणीची धरणं, दरवाजे नाहीत. जलाशय भरला की पाणी थेट माथ्यावरून उतरतं, पूर्ण रुंदीने. सप्टेंबरअखेर ते दिसेलच असं नाही, आधीच्या आठवड्यांत पाऊस किती झाला त्यावर आहे. वर क्रेग गॉखचा माथा कमानींचा आणि वळणदार आहे, तोही गाडीतून जाताना दिसतो. मधलं गॅरेग डी त्यांना मुद्दाम दाखवा. तिथे भिंत पाण्याखाली बुडालेली आहे आणि तिच्यावरच्या खांबांवरून रस्ता जातो. जलाशय कितीही उतरला तरी बर्मिंगहॅमच्या बोगद्याच्या तोंडाशी पाणी राहावं म्हणून ती आतली भिंत. बाबांना नकाशा हातात द्या आणि ती कशासाठी हे आधी सांगू नका, ते स्वतः ओळखतील.

---

लँड्रिंडॉडची डोंबिवलीकर

कुकर आणा, पण मालकाला आधी विचारा शेगडी कुठली. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का पाहा, चिकटला तर चालेल. वहिनीकडे रेडिंगला इंडक्शनचा असेलच, तर ठाण्याहून वजन वाढवू नका, त्याऐवजी माझ्यासाठी कढीपत्ता वाळवून पाव किलो आणा. गिग्रिन फार्मला मी सुट्टी घेऊन येते. आधी फोन करून तो दिवस उघडे आहेत ना, हे मीच विचारून ठेवते.